सेवेचे तास बसवायचे कुठे?

कॉलेज सुरू होऊन महिना उलटला की घरोघरी एक नवी तक्रार ऐकू येऊ लागते. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्लास, जाण्यायेण्यात दोन तास आणि आता त्यावर समाजसेवेचेही तास भरून द्यायचे! मुलगा म्हणतो, ‘अभ्यास करू की झाडे लावू?’ आई म्हणते, ‘झाडेच लावायची होती तर एवढी फी कशाला भरली?’ आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून तोडगा सुचवतात, ‘कुठून तरी एक सही आणून दे, म्हणजे झाले.’

पहिल्या दोन तक्रारींत तथ्य आहे. मुलांचा दिवस खरोखरच भरगच्च असतो आणि कॉलेजने मागितलेले प्रत्येक काम अर्थपूर्ण असतेच असे नाही. पण तिसरा तोडगा सर्वात सोपा दिसतो आणि सर्वात महाग पडतो. तो मुलाला महाग पडतो, आणि ज्याच्या नावाने ते तास लिहिले जातात त्या माणसाला तर त्याहूनही अधिक. म्हणूनच हे तास कसे चुकवावेत यापेक्षा ते रोजच्या दिनक्रमात कसे बसवावेत याचा विचार केलेला बरा.

मागणी नेमकी किती?

पुष्कळदा घबराट होते ती मागणी नीट न वाचल्यामुळे. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे ज्याला सगळे एन. एस. एस. म्हणतात त्यात, स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम करावे अशी अपेक्षा असते. शिवाय एक सात दिवसांचे शिबिर असते. १२० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण त्यातले २० तास माहिती व प्रशिक्षणाचे, ३० तास कॉलेजच्याच आवारातील कामाचे आणि उरलेले ७० तास प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायच्या कामाचे, अशी त्यांची मूळ विभागणी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यात आणखी एक भर पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी नवी चौकट आखली, तिच्यात समाजात जाऊन केलेल्या कामालाही श्रेयांक मिळतात. अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तास, एकूण तीस तास. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या नव्या रचनेतही फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाच्या प्रकल्पांना जागा मिळाली आहे. म्हणजे जे काम पूर्वी हौशी मुलामुलींचे मानले जाई, ते आता गुणपत्रिकेत येऊन बसले आहे.

प्रत्येक विद्यापीठाचे, कधी कधी प्रत्येक कॉलेजचे नियम थोडे वेगळे असतात. त्यामुळे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याने चार गोष्टी लिहून घ्याव्यात: एकूण तास किती, कोणते काम धरले जाते, नोंद कोण तपासतो आणि शेवटची तारीख कोणती. या चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर असल्या की निम्मी चिंता तिथेच संपते.

सक्ती की स्वेच्छा?

‘सेवा काय सक्तीने करून घ्यायची असते?’ हा प्रश्न आजचा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, पण स्वेच्छेने करावी, असे सुचवले होते. पुढे १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेल्या देशमुखांच्या समितीची शिफारस कडक होती. शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि तीही सक्तीने!

ही योजना खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे बारगळली. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून पुन्हा स्वेच्छेच्याच बाजूने कौल दिला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तर सेवेचा धागा शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर असावा असे म्हटले. या साऱ्या विचारमंथनातून महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली.

हा इतिहास सांगायचे कारण एवढेच की, देशमुख समितीने मुलांचे जवळजवळ अख्खे वर्ष मागितले होते. आजची मागणी आठवड्याच्या दोन-तीन तासांची आहे, आणि तीही शिक्षण चालू असताना. मूळ कल्पनाही दोन्हींतली एकच आहे. पुस्तकातले शिक्षण हाताने काम केल्यावाचून पुरे होत नाही, हा विचार गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत ‘नई तालीम’च्या रूपाने मांडला होताच. सेवा हे शिक्षणाचेच एक अंग मानले तर सक्ती आणि स्वेच्छा यांतील भांडण बरेचसे मिटते. गणिताची सक्ती कुठल्या मुलाने स्वेच्छेने मागितली होती? पण गणित आले की त्याचा उपयोग जन्मभर होतो.

आधी आठवड्याचा हिशेब

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार, असा त्याचा अर्थ सांगतात. बिल्ल्यावर हे शोभून दिसते. प्रत्यक्षात मात्र चोवीस तासांतून काय उरते ते कागदावर मांडूनच पाहावे लागते.

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तासांच्या झोपेचे ५६ गेले. कॉलेज आणि प्रवास मिळून दिवसाला आठ तास धरले, तर सहा दिवसांचे ४८ झाले. आंघोळ, जेवणखाण, कपडे यांसाठी रोज तीन तास, म्हणजे २१. घरचा अभ्यास रोज तीन तास आणि रविवारी सुटी धरली तर १८. बेरीज १४३. उरले २५ तास. या पंचवीस तासांत मित्र, मोबाइल, क्रिकेट, सणवार आणि आळस सारे काही मावते. अशा विद्यार्थ्याने ‘वेळ नाही’ म्हणणे खरे नव्हे. वेळ असतो, तो फक्त दिसत नाही.

आता याच कागदावर दुसरा हिशेब मांडावा. संध्याकाळी चार तास दुकानात किंवा कुरिअरच्या कामावर जाणारा मुलगा आठवड्याला २४ तास देतो. त्याच्याकडे उरतो एक तास. आजारी आईची किंवा धाकट्या भावंडांची देखभाल करणारी मुलगी घरकामात रोज अडीच तास घालवते. तिचे साडेसतरा तास गेले, उरले साडेसात. तिघेही एकाच वर्गात बसतात, तिघांनाही सारखेच तास भरायचे असतात. पण तिघांचे ‘वेळ नाही’ सारखे नसते. हा फरक विद्यार्थ्याने, पालकाने आणि कॉलेजनेही ओळखला पाहिजे. हिशेब मांडल्याने सबब कुठली आणि खरी अडचण कुठली हे स्वच्छ दिसते.

वार ठरवा, वेळ ठरवा

वर्षाच्या ५२ आठवड्यांतून परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीचे मिळून बारा आठवडे वजा केले तरी चाळीस उरतात. १२० तास चाळीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला तीन तास पडतात. लोकांत जाऊन करायचे ७० तास तर आठवड्याला पावणेदोन तासांतच बसतात. सगळे १२० तास फेब्रुवारीपर्यंत साचू दिले तर रोज चार तास करूनही पुरा महिना लागतो, आणि नेमकी तेव्हाच परीक्षा दाराशी येऊन उभी असते. मग सही शोधण्याची वेळ येते. म्हणजे खोटेपणाची सुरुवात बहुधा वाईट हेतूने होत नाही, ती टाळाटाळीतून होते.

यावर उपाय जुनाच आहे. ज्याप्रमाणे क्लासचा वार ठरलेला असतो त्याप्रमाणे सेवेचाही वार ठरवावा. बुधवारी चार ते सहा म्हणजे बुधवारी चार ते सहा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे ठरवलेले काम कधीच होत नाही. ठिकाण शक्यतो घराजवळ किंवा कॉलेजच्या वाटेवर असावे. दोन तासांच्या कामासाठी दोन तासांचा प्रवास पडत असेल तर ती सेवा तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. परीक्षेच्या आठवड्यांत काम बंद राहणार असेल तर ते संबंधितांना आधीच सांगून ठेवावे आणि ते तास सत्राच्या सुरुवातीलाच थोडे जास्त करून भरून काढावेत.

नोंदही त्याच दिवशी करावी. तारीख, वेळ, काय केले आणि काय लक्षात आले, अशा चार ओळी पुरतात. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली दैनंदिनी परीक्षकाला लगेच ओळखू येते, कारण तिच्यात सगळे दिवस सारखेच असतात.

काम आपल्या हाताचे हवे

मुलांचा बराच वेळ वाया जातो तो चुकीचे काम निवडल्यामुळे. फेरी काढली, घोषणा दिल्या, हातात झाडू घेऊन फोटो काढला आणि घरी आले. यातून ना रस्ता स्वच्छ राहतो, ना मुलगा काही शिकतो. उलट जे काम आपल्या अभ्यासाशी जुळते, ते वेळ खात नाही; ते अभ्यासाचाच वेळ वाचवते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वस्तीतल्या एखाद्या महिला बचत गटाचे हिशेब पाहावेत. त्यांची वही आपण लिहून देण्यापेक्षा जमाखर्च कसा मांडायचा आणि पासबुक कसे वाचायचे हे गटातल्या बायकांना शिकवावे. असे शिकवताना जो धडा पाठ होतो तो पुस्तक दहादा वाचून होत नाही. गृहविज्ञान शिकणाऱ्या मुलीसाठी अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. तिथे मुलांची वजने घेणे, वाढीच्या तक्त्यावर ती मांडणे, आयांशी आहाराबद्दल बोलणे, यात सेविकेला मदतीचा हात हवाच असतो. अंगणवाडी सहसा सकाळी भरते, तेव्हा दुपारचे कॉलेज असणारीला ती सोयीची.

साहित्याच्या विद्यार्थ्याने अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करावीत. हे काम घरी बसून, रात्री साडेनऊ वाजताही होते. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिकही लागतात. तिथे तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. त्यामुळे लेखनिक होणाऱ्याने पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आधी पाहाव्यात आणि लेखनिकाच्या शिक्षणाबद्दलचे त्या परीक्षेचे नियम विचारून घ्यावेत. ऐन वेळी लेखनिक आला नाही तर एखाद्याचे वर्ष जाऊ शकते. ‘सॉरी’ म्हणून ते परत मिळत नाही.

ज्यांना दर आठवड्याला जमत नाही, त्यांच्यासाठी हंगामी कामे आहेत. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’ या पद्धतीने २०१४ पासून तो बँकेत न जाताही देता येतो, आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. पण हे ज्यांना जमत नाही असे आजीआजोबा प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक गल्लीत असतात. दिवाळीच्या सुटीच्या आसपास चार-पाच दिवस काढले तर एक विद्यार्थी वीस-पंचवीस जणांची पायपीट वाचवू शकतो. मात्र त्यांचा ओटीपी, पिन किंवा पासबुक यांतले काही स्वतःजवळ ठेवू नये, आणि सारे काम घरातल्या दुसऱ्या माणसासमोर करावे. यात ज्येष्ठांचे हित आहे आणि विद्यार्थ्याचेही.

महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मुलांपुढे आणखी एक प्रश्न असतो तो भाषेचा. बंगळूर किंवा चेन्नईला गेलेल्या मराठी मुलाला तिथल्या वस्तीत शिकवायला जायचे तर बोलणार कसे? त्याने सुरुवातीला हाताचे काम घ्यावे: ग्रंथालयातील पुस्तके लावणे, झाडांना पाणी घालणे, लहान मुलांबरोबर खेळ किंवा चित्रकला. सहा महिने नेमाने गेला तर तिथली भाषा कानावर पडून पडून जिभेवर येऊ लागते. इंदूर आणि बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही.

पलीकडे कुणीतरी वाट पाहते

तास मोजण्याच्या नादात एक गोष्ट हमखास विसरली जाते. सेवेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. वस्तीतल्या वर्गात अक्षरे जुळवायला शिकणारी आठ वर्षांची मुलगी पहिल्या बुधवारी लाजते, दुसऱ्या बुधवारी जवळ येऊन बसते, पाचव्या बुधवारी दारात उभी राहून वाट पाहते. सहाव्या बुधवारी शिकवणारी ताई आलीच नाही, कारण तिचे तास पुरे झाले, तर त्या मुलीने त्यातून काय शिकायचे? पुढच्या वर्षी दुसरी ताई येईल तेव्हा ती दाराशी येणार नाही.

म्हणून काम घेताना शेवटही ठरवून घ्यावा. ‘मी डिसेंबरपर्यंत येईन’ असे पहिल्याच दिवशी सांगावे आणि डिसेंबरपर्यंत जावे. जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्याची ओळख करून द्यावी. कुठवर शिकवून झाले ते त्याला लिहून द्यावे. झाडांचेही तसेच. झाड लावायला दहा मिनिटे पुरतात, ते जगवायला दोन-तीन उन्हाळे लागतात. शंभर झाडे लावून विसरण्यापेक्षा पाच झाडांना मे महिन्यात पाणी घालणे ही मोठी सेवा आहे. आणि फोटो काढायचाच झाला तर समोरच्याला विचारून काढावा. कुणाची गरिबी ही आपल्या प्रकल्पवहीची सजावट नव्हे.

खोट्या सहीची किंमत

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका पथकात साधारण शंभर स्वयंसेवक आणि त्यांच्यावर एक कार्यक्रम अधिकारी असतो. तो स्वतः प्राध्यापक असतो, त्याला वर्गही घ्यायचे असतात. शंभर मुले शंभर ठिकाणी खरोखर गेली का, हे तो एकटा पाहू शकत नाही. त्यामुळे खोटे तास लिहिणे फारसे अवघड नाही. कुणाच्या तरी ओळखीच्या संस्थेचा शिक्का मिळाला की काम होते. आणि बहुतेकदा ते उघडकीसही येत नाही.

मग बिघडते कुठे? समजा, एका संध्याकाळच्या वर्गाच्या नोंदवहीत दहा स्वयंसेवकांची नावे आहेत आणि प्रत्यक्षात दोघेच येतात. तीस मुले त्या दोघांच्या वाट्याला येतात. वर्ग चालवणाऱ्या बाई आणखी मदत मागायला कॉलेजात गेल्या की त्यांना उत्तर मिळते, ‘तुमच्याकडे तर दहा जण आहेत.’ खोटी सही कागदावर नुसती पडून राहत नाही, ती खऱ्या मदतीची जागा अडवून बसते. तिसरी-चौथीत वाचायला अडखळणारा मुलगा त्या आठ न आलेल्यांमुळे पाचवीतही अडखळतच राहतो.

आणि विद्यार्थ्याचे काय होते? पुढे मुलाखतीत कुणी सहज विचारले, ‘तिथे तुम्ही नेमके काय केलेत?’ की खरे काम करणारा दोन मिनिटे सलग बोलतो आणि खोटी सही आणणारा पहिल्याच वाक्यात अडतो. त्याहून वाईट म्हणजे, अठराव्या वर्षी आईवडिलांच्या संमतीने केलेली ही पहिली लबाडी असते. ज्या घरात मुलाने परीक्षेत कॉपी केलेली चालत नाही, त्या घरात ही सही का चालावी?

कमावणाऱ्यांचे आणि घर सांभाळणाऱ्यांचे

ज्या विद्यार्थ्याकडे आठवड्याला एकच तास उरतो, त्याला वरचा उपदेश ऐकवणे हे मात्र जखमेवर मीठ चोळणे होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने कित्येक गरीब मुले शिकली. कष्ट करून शिकणारा मुलगा आळशी नसतो हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागत नाही. सेवेचे तास ठरवणाऱ्यांनी ही आठवण ठेवली पाहिजे. अशा मुलांना सुटीत सलग तास भरण्याची, रविवारी काम करण्याची किंवा घरून ध्वनिमुद्रणासारखे काम करण्याची मुभा मिळाली तर नियमही पाळला जातो आणि पोटही मारले जात नाही.

पण त्यासाठी विद्यार्थ्याने तोंड उघडले पाहिजे, आणि तेही जुलैत. मार्चमध्ये सांगितलेली अडचण सबबीसारखी वाटते. जुलैत सांगितलेल्या अडचणीतून मार्ग निघू शकतो. नोकरीच्या ठिकाणचे पत्र, कामाच्या वेळा आणि आपण कोणते तास देऊ शकतो याचा एक कागद घेऊन कार्यक्रम अधिकाऱ्याला भेटावे. शिबिराच्या सात दिवसांबद्दल मालकालाही महिनाभर आधी सांगावे.

मुलींच्या बाबतीत अडचण बरेचदा घड्याळाची नसून घरची असते. ‘शिबिराला? सात दिवस? एकटी?’ असे तीन प्रश्न विचारून विषय संपतो. काळजी असणे स्वाभाविक आहे, पण काळजीचे उत्तर नकारात नसून चौकशीत असते. शिबिर कुठे आहे, राहण्याची सोय काय, बरोबर शिक्षिका कोण आहेत, संपर्काचा फोन कोणता, हे आईवडिलांनी कॉलेजात जाऊन विचारावे. आठवड्याच्या कामालाही मुलींनी दोघी-दोघींनी जावे, उजेडात परतावे, पत्ता घरी लिहून ठेवावा. एवढी तजवीज झाल्यावरही नकारच द्यायचा असेल, तर तो काळजीपोटी आहे की सवयीपोटी, हे आईवडिलांनी स्वतःलाच विचारावे.

घराचा वाटा

मुलाचे सेवेचे तास सबंध घराने थोडे थोडे उचलले तर ते कुणालाच जड होत नाहीत. मुलगी बुधवारी वर्गावर जाणार असेल तर त्या दिवशी भाजी निवडणे, कणीक मळणे, धाकट्याचा अभ्यास घेणे हे भावाने किंवा वडिलांनी करावे. बहिणीला दोन तास मोकळे करून देणाऱ्या भावाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, पण सेवा त्याच्याकडूनही घडते.

संध्याकाळी मूल परत आले की ‘किती तास झाले?’ याऐवजी ‘आज काय झाले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आकडा मिळतो, दुसऱ्याला गोष्ट मिळते. वस्तीत नळाला पाणी किती वाजता येते, बचत गटातल्या बाईने पहिल्यांदा स्वतः सही कशी केली, आजोबांचा अंगठा यंत्रावर का उमटत नव्हता, अशा गोष्टी जेवताना निघाल्या की मुलाला आपल्या कामाचा अर्थ बोलता बोलता उमगतो. दैनंदिनीत लिहायच्या चार ओळीही त्यातूनच सापडतात.

राष्ट्रीय सेवा योजनेचे ब्रीदवाक्य ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचे आहे. अठरा-वीस वर्षांच्या, स्वतःच्या गुणांच्या आणि नोकरीच्या विवंचनेत असलेल्या मुलाला ते एकदम पटेल अशी अपेक्षा करू नये. आधी एक वार ठरावा, त्या वारी दोन तास निघावेत, आणि ज्याला ते दोन तास दिले त्याचे नाव मुलाला पाठ व्हावे. एवढे झाले तर उरलेले तास भरायला कुणाची सही शोधत फिरावे लागणार नाही.